मानेवरचं डांबर

९ फेब्रुवारी, रविवार

बारक्या,

अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट लगेच फेकू नकोस, आधी वाच. तीन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. फोन वाजू देता येतो, पण दाराच्या फटीतून आत आलेला कागद माणूस वाचतोच, म्हणून कागद. आणि वहिनीचं पत्र न वाचता फेकण्याइतका मोठा तू झालेला नाहीस. तुझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं कोण घालायचं ते आठव.

काम काही नाही. सहज लिहितेय.

आम्ही मजेत आहोत. कंपनी तीच, लोकांच्या गच्च्या तशाच गळतात आणि आपली माणसं तसंच डांबर ओतून त्या बुजवतात. तुझे दादा अजून मुकादम आहेत, आवाज अजून तेवढाच आहे. मी स्टोअरमध्येच. चाव्या माझ्याकडे, त्यामुळे कंपनी कोण चालवतं हे तुला वेगळं सांगायला नको. मागच्या महिन्यात नवीन ब्रश आले, त्यांचे दांडे इतके कच्चे की पहिल्याच दिवशी दोन मोडले. मी सगळा माल परत पाठवला. दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही फार कडक." म्हटलं, मी कडक आहे म्हणूनच तुझे दांडे नरम आहेत हे कळलं.

एक गंमत सांगते. मालकांनी नोटीस लावलीय. उन्हात काम करणाऱ्या सगळ्यांची कातडी तपासायला डॉक्टर येणार. कातडीचाही कॅन्सर होतो म्हणे, आणि ऊन आणि डांबर दोन्ही अंगावर घेणाऱ्यांनी तर दाखवून घ्यावंच. कामाच्या वेळेत, पगार न कापता. तपासणी कुठे, तर माझ्या स्टोअरमध्ये! दार नीट लागतं आणि ट्यूबलाइट चांगली आहे अशी एकच खोली कंपनीत आहे. म्हणजे आता डांबराचे डबे मी डोक्यावर घेऊन बसायचं. नोटीस वाचल्यापासून आपले पैलवान गडी नव्या नवरीसारखे लाजतायत. भट्टीवाला मला हळूच विचारून गेला, "वहिनी, शर्ट काढायचा म्हणजे बनियनसुद्धा?"

बाकी शनिवारची साफसफाई चालू आहे. तसेच सगळे काम सुटल्यावर मागच्या अंगणात डबे पालथे घालून पुढे-मागे बसतात आणि ज्याची गच्चीवर ज्याच्याशी जोडी, तो त्याच्या मानेवरचे डांबराचे शिंतोडे रॉकेलच्या बोळ्याने काढतो. आपली मान आपल्याला दिसत नाही, त्याला इलाज नाही. फक्त तुझे दादा बसत नाहीत. त्या भांडणानंतर त्यांच्या जोडीला लंबूला दिलाय, पण त्याला मानेला हात लावू देत नाहीत. मलाही नाही. "हातपाय माझे मी पुसतो, मान राहू दे." कॉलरच्या जरा वर एक चांगला मोठा काळा ठिपका बसलाय. पोरं मागून म्हणतात, मुकादमांनी भावाची आठवण जपून ठेवलीय. तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे?

असो. तू जेवतोस ना वेळेवर? तिकडे पाण्याच्या टाक्यांना डांबर लावायचं काम बरं आहे का? उत्तर पाठवलंस तर पाठव.

वहिनी


२३ फेब्रुवारी, रविवार

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्यासारखी रुसून बसणारी नाही, लिहिते.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई एवढीशी, चणीने माझ्या खांद्याला लागेल, पण तिने आल्या आल्या सगळ्यांना सरळ केलं. पहिला शर्ट निघाला आणि तिने कपाळाला हात लावला. "अहो, ह्यात तीळ कुठला आणि डांबर कुठलं हे मी कसं ओळखू? आधी सगळं काढून या." आणि रॉकेलचं नाव काढलं तर अशी भडकली! म्हणाली, कातडीची वाट लावायची असेल तर खुशाल लावा. साधं तेल घ्या, स्वयंपाकातलं, लावा, थोडं थांबा, हळूच पुसा. झालं. मी दुकानातून तेलाचे डबे आणवले, जुन्या चादरी फाडून बोळे केले. गुरुवारची भर सकाळ आणि शनिवारसारखे सगळे अंगणात पुढे-मागे बसलेत, एकमेकांच्या माना चोळतायत. मालक जिन्यातून खाली आले ते बघतच राहिले.

मग एकेक जण आत. बाई भिंगाचा दिवा घेऊन कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, तळपायाला, सगळीकडे बघत होती. लंबूच्या तळपायाला गुदगुल्या झाल्या आणि त्याने लाथ मारून माझा हातमोज्यांचा अख्खा खोका पाडला. भट्टीवाल्याच्या दंडावर काहीतरी दिसलं म्हणून त्याला दवाखान्यात बोलावलं होतं, काल कळलं, साधी जुनी चामखीळ आहे. दोन दिवस त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आता सगळ्यांना दंड दाखवत फिरतोय.

आता तुझ्या दादांचं. नोटीस लागल्यापासून ते मिरवत होते, रांग लावा, गोंधळ करू नका, एकही माणूस सुटता कामा नये. सगळी माणसं झाली. बाई म्हणाली, "आता तुम्ही." तर म्हणतात, "मला काही झालेलं नाही, गच्चीवर काम खोळंबलंय," आणि पाठ फिरवून चालू पडले. पाठ फिरवली म्हणूनच बाईला मान दिसली. तिने मला विचारलं, "ते मानेवर काय आहे?" मी हसून म्हटलं, डांबर आहे, तीन वर्षांचं. सगळे हसले. ती नाही हसली. म्हणाली, "डांबर कातडीवर तीन वर्षं टिकत नाही हो. महिनाभरातच आपोआप निघतं."

बारक्या, आम्ही बावीस माणसं रोज डांबरात काम करतो आणि हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. रोज नवं उडत असेल, जुनं राहत असेल, असंच धरून चाललो.

आज दुपारी ते पालथे झोपले होते. मी बोटावर तेल घेतलं आणि हळूच त्या ठिपक्यावर लावलं. थोडी थांबले. मग बोळ्याने पुसलं. ते दचकून उठले आणि केवढ्याने खेकसले, "किती वेळा सांगितलं, मानेला हात लावायचा नाही!" खेकसू देत की. मी बोळा मुठीत दाबून न्हाणीत गेले आणि उजेडात बघितला. बोळ्यावर काळं काही नव्हतं. नुसतं तेल.

सहज लिहितेय असं मागच्या वेळी म्हटलं ते खोटं होतं, तेव्हाही मनात काहीतरी टोचत होतंच. आज सहज नाही. बाई म्हणते लवकरात लवकर घेऊन या. आणि विचारते, हा डाग कधीपासून आहे? ते फक्त तुलाच माहीत. दर शनिवारी ती मान तूच साफ करायचास. सांग, तेव्हा होता?

आणि ये. माझं ते ऐकत नाहीत. मी पत्र लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही.

वहिनी


४ मार्च, मंगळवार

अहो भावोजी,

आपलं पत्र पावलं. पत्र कसलं, दोन ओळी. "डाग नव्हता. मान स्वच्छ होती. बाकी ज्याला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याच्या मानेकडे मी बघून काय उपयोग."

वा! फारच छान. किती दिवस पाठ करत होतात?

आता ऐक. त्या दिवशी गच्चीवर काय झालं ते मला तू नाही सांगितलंस आणि त्यांनीही नाही, पण लंबूने, भट्टीवाल्याने, खालच्या रस्त्यावरच्या माणसानेसुद्धा सांगितलंय. कठडा नसलेली गच्ची. तू डांबर ओतत पुढे, ते ब्रशने पसरत उलट्या पावली मागे. तू ओरडलास, "दादा, थांब!" ते थांबले नाहीत, म्हणून तू कॉलर धरून खेचलंस. सगळ्यांसमोर, मालकांसमोर मुकादम बदकन बसले. उठून म्हणाले, "कड अजून दोन हात लांब होती, मला काय आंधळा समजतोस?" तू म्हणालास, "एकच पाऊल राहिलं होतं." ते म्हणाले, तुझेच डोळे तपासून घे. झालं. तू संध्याकाळी कपडे भरलेस आणि गेलास.

दोन हात की एक पाऊल! ह्यावरून दोन सख्खे भाऊ तीन वर्षं बोलत नाहीत. अरे, टेप होती ना माझ्या स्टोअरमध्ये, मागायची होतीत! मी जन्मात कुणाच्या भांडणावर इतकी हसले नाही आणि इतकी रडलेही नाही.

पण तुझ्या त्या दोन ओळींनी एक गोष्ट पक्की झाली. डाग तेव्हा नव्हता. म्हणजे तू गेल्यानंतर उगवलाय. मी बाईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, नवीन आहे आणि वाढतोय, मग आता वाट बघू नका.

मी त्यांना सांगून बघितलं. हात जोडले, ओरडले, एक दिवस बोललेच नाही. मोबाइलवर फोटो काढून दाखवला तर म्हणतात, "फोटोत सगळंच काळं येतं." त्यांना भीती वाटतेय, बारक्या. तू त्यांना कधी घाबरलेलं बघितलेलं नाहीस म्हणून तुला कळणार नाही. सध्या ते माझ्याशी फार गोड वागतात. काल सांगितल्याशिवाय भांडी घासली. मला त्यानेच धडकी भरलीये.

ते डांबरच आहे असं ते धरून बसलेत. आणि ते डांबर नाही हे त्यांना पटवणारा जगात एकच माणूस आहे, ज्याच्या हातून त्या मानेवर डांबराचा ठिपका कधी राहिला नाही. तुझा अपमान झाला, मान्य. तो नंतर मोजू. माझं माणूस मला हवंय रे. शनिवारी ये.

वहिनी


१८ मार्च, मंगळवार

बारक्या,

पोचलास ना नीट? फोन उचललास म्हणून लाडात येऊ नकोस, पत्रं मी लिहिणारच. आता सवय लागलीय, आणि फोनवर हे शेजारी बसून कान देतात.

तुला वाटतंय शनिवारी मी माझ्या कामात होते. कसली होते! स्टोअरचं शटर अर्धं खाली ओढून आत खाली बसले होते, सगळं बघत. तू फाटकातून आलास तेव्हा सगळ्या अंगणाचे हात थांबले. हे एकटेच फाटकाकडे पाठ करून पायाला तेल चोळत होते. तू एक डबा उचललास, त्यांच्या मागे पालथा घातलास, बसलास आणि बोळा घेतलास. मला वाटलं, आता उठतात आणि तुझ्या थोबाडीत देतात.

तुला त्यांचं तोंड दिसलं नसेल, तू मागे होतास. मला दिसलं. तुझा हात मानेला लागला आणि त्यांनी डोळे मिटले. मागे वळून बघायची गरजच पडली नाही. एवढंच म्हणाले, "तेल कमी घे, शर्ट खराब होतो."

मी तोंडात पदर कोंबला.

मग तू किती वेळ चोळत होतास! मला वाटत होतं, निघू दे, देवा, निघू दे, मी खोटी ठरू दे, बारक्या हसू दे मला. मग तू म्हणालास, "दादा, हे निघत नाही."

"नीट घास."

"नीटच घासतोय. हे डांबर नाही दादा."

"डांबरच आहे. दे इकडे बोळा." आणि ते उठायला लागले.

"दादा, थांब."

तसंच म्हणालास, त्या दिवशी म्हणाला होतास तसं. तुझ्या लक्षात तरी आलं का? आमच्या सगळ्यांच्या आलं. भट्टीवाल्याने लंबूचा हात घट्ट धरला होता. आणि ते थांबले. अर्धे उठलेले होते ते पुन्हा डब्यावर बसले. खाली बघत म्हणाले, "बरं. चल कुठे जायचं ते."

पुढचं तुला माहीतच आहे, तूच नेलंस त्यांना. बाईने कापून काढलं तेव्हाही तूच बाहेर बसला होतास आणि मी तुझ्यावर ओरडत होते की पाय हलवू नकोस. आता तपासायला पाठवलेला तुकडा, त्याचा रिपोर्ट यायचाय. टाके नीट आहेत. ते गादीवर बसून मला स्टोअर कसं चालवावं ते शिकवतायत, म्हणजे तब्येत ठीक आहे. मी वरवर हसतेय. आतलं तुला लिहायला नको.

वहिनी


६ एप्रिल, रविवार

बारक्या,

काल फोनवर रिपोर्ट सांगितला तेव्हा तू टाकीत उतरायचंय असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवलास. शनिवारी संध्याकाळी कोण टाकीत उतरतं रे? रडलास म्हण की सरळ.

तर पुन्हा सविस्तर ऐक, गोड गोष्ट दोनदा ऐकावी. कॅन्सरच होता. पण अगदी वरच्या थरात, आत उतरलेला नाही. बाईने जेवढा काढला त्यात सगळा आला, कडेची कातडी स्वच्छ निघाली. आणखी औषध नको, किरणं नकोत. फक्त दर तीन महिन्यांनी दाखवायचं, उन्हात मान झाकायची. माझा जीव भांड्यात पडला. मी बाईला तिथेच मिठी मारली, तिचा चष्मा वाकडा झाला.

ह्यांनी काय विचारलं असेल? "आणखी किती थांबलो असतो, तर उशीर झाला असता?" बाई म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत थांबला असतात, तर मी आज असं हसून बोलत नसते."

घरी येताना हे चालत आले. रिक्षा नको म्हणाले. मी एक पाऊल मागून, त्यांच्या मानेवरची पट्टी बघत. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला लिहितेस ना तू? लिही. म्हणावं, एकच पाऊल होतं."

मी मुद्दाम विचारलं, कसलं एक पाऊल?

"त्याला कळेल. त्या दिवशी खाली बसल्यावर मी मागे हात टेकला. पंजा टेकला, बोटं हवेत होती." आणि भराभर पुढे चालायला लागले.

म्हणजे बघ! तीन वर्षं माहीत होतं.

आता तुझं. बसस्टँडवर तू मला काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "वहिनी, खरं सांगू? दीड हात तरी होतं. पण मला तेवढंही बघवेना." हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुझी जीत झालीय, मुकाट्याने खिशात घाल. पुन्हा कुणी पाऊल मोजायला निघालात तर टेप माझ्याकडे आहे आणि ती मी देणार नाही.

काल शनिवार. रिपोर्ट घेऊन आम्ही कंपनीत पेढेवाटप केल्यासारखं सगळ्यांना सांगत फिरलो. नवीन नोटीसही लागलीय, तपासणी आता दर वर्षी, आणि मानेवरून खाली येणाऱ्या पडद्याच्या टोप्या सगळ्यांना. टोप्या अर्थात माझ्या स्टोअरमधून, सही केल्याशिवाय मिळणार नाहीत. मुकादमांनी पहिली घातली. त्यात ते कसे दिसतात ते मी लिहिणार नाही, मला अजून त्यांच्याबरोबर राहायचंय.

काम सुटल्यावर सगळे अंगणात बसले. हेही बसले. डॉक्टरने अजून तेल लावू नका सांगितलंय, तरी बसले, आणि मागे एक डबा पालथा घालून ठेवला. लंबू बिचारा बसायला गेला तर त्याला हाकललं. मी म्हटलं, अहो, तुमच्या मानेला काम नाही, तो डबा कशाला अडवून ठेवलाय?

तर म्हणाले, "तो माझ्यासाठीच आहे. पुढे बारक्या बसेल, मागे मी." मग एकदम, "त्याचंही तेच ऊन, तेच डांबर. तिकडे एकटा राहतो. त्याची मान कोण बघतं?"

मी उठून तिथूनच बाईला फोन लावला, बारक्या. आता फोनवर कारणं सांगत बसू नकोस. बाईकडे तुझं नाव घातलंय, पुढच्या सोमवारचं. शनिवारीच ये. तेल आणून ठेवलंय.

वहिनी